उबदार फरशी

नरेंद्र मोघ्यांच्या नव्या घराला समोरून दगड आहे आणि दोन्ही बाजूंनी नुसत्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ही गोष्ट वसुधाकाकूंच्या ध्यानात आणून दिली ती अंतराने. त्याआधी काकूंना ते घर फक्त मोठं वाटत होतं.

अंतरा त्यांची एकुलती एक लेक. फिलाडेल्फियात आर्किटेक्ट आहे. ऑक्टोबरात दोन दिवस आली होती, तेव्हा ती, काकू आणि गिरीशकाका अशी तिघं आयसेलिनला भाजी आणायला निघाली आणि वाटेत मोघ्यांची गल्ली लागली.

"बाबा, स्लो करा ना," ती मागच्या सीटवरून म्हणाली. "आई, छपरं मोज. एका घराला अकरा छपरं! खिडक्या बघ, गोल, कमानीची, षट्कोनी, मिळेल ती. आणि ते खांब काहीच उचलत नाहीयेत. नुसते उभे आहेत."

"लग्नातल्या मामांसारखे," गिरीशकाका म्हणाले.

अंतरा खळखळून हसली. आईवडिलांच्या गाडीत ती इतकी मोकळी हसल्याला काही वर्षं झाली असतील. काकूंनी आरशात तिचं हसणं पाहून घेतलं, देवाचा अंगारा घ्यावा तसं.

"आणि ते सिंह?"

"सिंह कॉन्ट्रॅक्टरने फुकट दिले म्हणे. नरेंद्र फुकटचं सोडतोय होय!" काकांनी गाडी पुढे काढली. "पण मला सांगा, तुमच्या पोटात का दुखतंय? चाळीस वर्षं त्याने लोकांचे पूल बांधले, आता एक घर स्वतःचं बांधलं. तुम्हाला साधं आवडतं, त्याला भरलेलं आवडतं. पानात चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड सगळं लागणारा माणूस तो."

"आवड वेगळी आणि दिखावा वेगळा," काकू म्हणाल्या.

हे मत त्यांचं एकटीचं नव्हतं. शेजारची लिंडा चार दिवसांपूर्वीच कुंपणावरून म्हणाली होती, अशी घरं म्हणजे 'नॉट अवर स्टाइल'. त्यातल्या 'अवर'ने काकूंना आतून गुदगुल्या झाल्या होत्या. या रस्त्यावर राहून अडतीस वर्षं झाली, पण लिंडाने आपल्याला तिच्या माणसांत धरल्याचं ते पहिलंच ऐकलं. आपलं घर बुटकं, एकमजली, विटांचं. दारात एक तुळस, एक मेपल. बस. चांगली अभिरुची म्हणतात ती हीच असणार, असं त्यांना वाटून गेलं होतं.

तर अशा या वसुधाकाकू. वय वर्षं एकाहत्तर. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या. पण न्यू जर्सीत एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंतच्या मराठी माणसांना त्या ठाऊक होत्या कीर्तनकार म्हणून. वडील, अण्णा, मिरजेच्या दत्तमंदिरात कीर्तन करत. त्यांच्यामागे झांज धरून उभी राहता राहता ही पोर केव्हा पुढे आली ते त्यांनाही कळलं नाही. अमेरिकेत आल्यावर पहिलं कीर्तन झालं ते स्वतःच्या गराजमध्ये. गाड्या रस्त्यावर काढायच्या, सिमेंटवर निळी ताडपत्री, तिच्यावर सतरंज्या, कोपऱ्यात गवत कापायच्या यंत्रावर चादर. पेटीवर गिरीशकाका. आणि पहिल्या ओळीत डावीकडे, दर कीर्तनाला, न चुकता, सुलभा मोघे. नरेंद्रची बायको. हिवाळ्यात सिमेंटचा गारठा सतरंजीतून वर यायचा. सुलभा एक हात गुडघ्यावर दाबून बसायची आणि दुसऱ्याने टाळी द्यायची. त्यामुळे तिची टाळी वाजायची नाही, नुसती मांडीवर पडायची. गेल्या जानेवारीत ती गेली. नव्या घराच्या तेव्हा नुसत्या लाकडी फासळ्या उभ्या होत्या.

नोव्हेंबरच्या शेवटी नरेंद्रचा फोन आला. एरवी तो काकूंना वहिनी म्हणे. कीर्तनाचा विषय निघाला की मात्र बुवा. हा गमतीचा रिवाज तीस वर्षांचा.

"बुवा, वास्तुशांत मार्गशीर्षात आहे. नव्या घरात पहिला सूर तुमचा लागला पाहिजे."

"लागेल की भाऊजी."

"आणि मायक्रोफोन लागणार नाही बरं का. बघाच तुम्ही."

वास्तुशांतीच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली. हॉल कसला, सभामंडपच. दोन मजले उंच, मध्ये एकही खांब नाही, वर तिन्ही बाजूंनी सज्जा, आणि मधोमध लटकणारं काचेचं झुंबर इतकं मोठं की त्याच्याखाली बसायला कुणी धजेना. काकू नऊवारी नेसून, उपरणं घेऊन, अनवाणी गादीवर उभ्या राहिल्या. गादी म्हणजे काही मऊ बिछाना नव्हे. कीर्तनकार जिथे उभा राहतो ती वीतभर जागा. ती नारदाची. तिथे उभं असताना वसुधा ही वसुधा नसते, असं अण्णांनी तिला बारा वर्षांची असताना सांगितलं होतं. कुणी पाया पडलं तर अडवायचं नाही, ते तुझ्या पाया पडत नाहीत. आणि बोलताना जपायचं, कारण तिथून बोललेलं लोक घरी नेतात.

पायांना फरशी कोमट लागली. काकूंना आधी बरं वाटलं, मग लगेच मनात आलं, बघा, जमीनसुद्धा तापवली आहे यांनी. श्रीमंतीला काही अंत?

आणि मग त्यांना जिन्यावर अंतरा दिसली.

आठ वर्षांत ती आईच्या कीर्तनाला आली नव्हती. आज आली होती ती घर आतून बघायला, हे काकूंना माहीत होतं. पण आली होती. कठड्याला टेकून, हातात फोन, चेहरा कंटाळायच्या बेतात.

नमन झालं. पूर्वरंगाला काकूंनी विषय घेतला तो वास्तुशांतीला शोभणारा, देह म्हणजे भाड्याचं घर. आवाज लागला होता. खरंच मायक्रोफोनची गरज नव्हती. शब्द वर जाऊन सज्ज्याला वळसा घालून परत येत होता.

"माणूस म्हणतो, घर माझं. घर म्हणतं, थांब, तुझ्याआधी गेले त्यांची नावं सांगू का?" लोक हसले. अंतराने फोनवरून मान वर केली.

त्या मान वर करण्याने घात केला.

"आता घरं तरी केवढी! काही घरांना छपरंच अकरा. पाऊस बिचारा विचारत बसतो, पडू कुठे?" अंतरा हसली. "दारात खांब असे, की काही उचलत नाहीत, नुसते उभे. लग्नातल्या मामांसारखे!" हॉल खदखदला. पेटीवरचा गिरीशकाकांचा हात थबकला. काकूंनी तिकडे पाहिलं नाही, त्या जिन्याकडे पाहत होत्या. "माणसाला ताप येतो हे ऐकलं होतं, मंडळी. इथे तर फरशीलाही ताप आलाय! आणि घर एवढं, की नवरा-बायको एका छपराखाली, पण बायकोला हाक मारावी तर तिला ऐकू जात नाही. नुसता आपलाच आवाज परत येतो!"

हसण्याचा लोंढा उठला, वर गेला आणि झुंबर किणकिणवून परत आला. त्या परत आलेल्या हसण्यात काकूंना आपलं वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं. पहिल्या ओळीत डावीकडे एक आसन रिकामं ठेवलेलं होतं. इतका वेळ ते त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं.

पण कीर्तनात घेतलेला चढ मध्येच सोडता येत नाही. तो शेवटाला न्यावाच लागतो. त्यांनी तो नेला. "शेवटी जागा लागते साडेतीन हात. मग एवढ्या घरात राहतं कोण? राहतो अहंकार. माणूस आपला त्याचा पोटभाडेकरू."

टाळ्या पडल्या. पूर्वरंग संपला की नामाचा गजर होतो आणि यजमानाने येऊन कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा, पाया पडायचं, ही रीत आहे. नरेंद्र उठला. पंचाहत्तरीचा माणूस, सोवळं नेसलेला, कपाळावर होमाची राख. त्याने बुक्का लावला. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला शेवंतीचा हार त्याने गळ्यात घातला. मग तो वाकला आणि आपलं डोकं त्या कोमट फरशीवर, काकूंच्या पावलांशी टेकवलं. अडवायचं नाही, अण्णांनी सांगितलं होतं. हार गार होता, पाय गरम होते, आणि काकू काठीसारख्या उभ्या राहिल्या.

पंगतीत नरेंद्रची सून राधिका वाढायला आली. ही मंडळी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून चार दिवसांसाठी आलेली.

"काकू, फरशी फार गरम झाली होती का हो? मी बाबांना म्हटलं, कमी करा."

"नाही गं. मी आपली गंमत केली."

"नाही, म्हणजे ते हीटिंग आईंच्या हट्टाचं आहे. आर्किटेक्ट म्हणाला, बाथरूममध्ये घाला. आई म्हणाल्या, नको, हॉलमध्येच. कीर्तनाला माणसं खाली बसतात, त्यांचे गुडघे धरतात." राधिकाने मसालेभाताचा चमचा तसाच हवेत धरला. "हा हॉलच सगळा त्यांचा आहे. मध्ये खांब नको, सगळ्यांना कीर्तनकार दिसला पाहिजे. सज्जा तान्ही मुलं असलेल्या बायकांसाठी. उंची कशाला, तर तुमचा आवाज देवळात लागतो तसा लागावा म्हणून. कागदावर पेन्सिलने काढून दिलं होतं त्यांनी. बाहेरचे खांब आणि सिंह तेवढे बाबांचे." ती जराशी हसली. "ते वाईटच दिसतात. आम्हालाही नाही आवडत."

काकूंच्या पानात भात थंड होऊन गेला.

परतताना गाडीत गिरीशकाका म्हणाले, "मामांचा विनोद आपला तिघांचा होता. गाडीत बोलायचा होता तो."

"माहीत आहे हो."

"नरेंद्रलाच सगळ्यांत मोठ्याने हसताना पाहिलं मी. हसला नसता तर बरं झालं असतं."

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. अण्णांचा एक नियम होता. एकदा त्यांनी भर कीर्तनात एका सावकाराच्या विधवेला लागेल असं काही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन क्षमा मागता आली असती. पण ते गेले नाहीत. पुढच्या एकादशीपर्यंत थांबले आणि त्याच देवळात, त्याच जागी उभे राहून चारचौघांत शब्द मागे घेतला. गादीवरून सुटलेलं गादीवरच परत घ्यावं लागतं, पोरी. ओसरीवर मागितलेली क्षमा ओसरीपुरतीच.

म्हणजे आणखी एक कीर्तन. त्याच घरात.

दोन दिवसांनी त्यांनी फोन केला. "भाऊजी, दत्तजयंतीला करू या का तुमच्याकडे?"

"बघतो, वहिनी. सध्या जरा गडबड आहे."

संक्रांतीला केला. "रथसप्तमीला?"

"कळवतो हं, वहिनी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. फक्त तो पुन्हा एकदाही बुवा म्हणाला नाही. अंतराला फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ओ आई. दॅट्स सो सॅड." आणि थोड्या वेळाने, "पण खरं सांगू? दॅट वॉज युअर फनिएस्ट. आय वॉज प्राउड."

काकूंना ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. जे हवं होतं ते मिळालं होतं.

जानेवारीच्या अखेरीस त्या लिंडाबरोबर फिरायला गेल्या तर मोघ्यांच्या लॉनवर, दोन सिंहांच्या मध्ये, 'फॉर सेल'ची पाटी. लिंडा म्हणाली, देव पावला. या वेळी काकूंना गुदगुल्या झाल्या नाहीत. तुम्ही पुढे व्हा, म्हणून त्या तिथेच थांबल्या आणि बर्फातून वाट काढत दारापर्यंत गेल्या.

नरेंद्रने दार उघडलं. हॉलमध्ये विक्रीसाठी भाड्याने आणलेले करडे सोफे मांडले होते. करडा गालिचा, करडी चित्रं. झुंबर काढून टाकलेलं. एजंट बाईने सांगितलं होतं म्हणे, घेणाऱ्याला चांगली अभिरुची दिसली पाहिजे.

"विकताय?"

"विकलंच. एक तरुण जोडपं घेतंय. फेब्रुवारीअखेर ताबा. मी देवांगकडे चाललो, क्युपर्टिनोला." देवांग त्याचा मुलगा. "त्यांच्या गेस्ट रूममध्ये. खिडकी आहे. पुरे."

"भाऊजी, मला इथे एक कीर्तन करायचंय. जायच्या आधी."

नरेंद्रने सोफ्याच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ.

"कुणाला बोलवायला नाही जमायचं, वहिनी."

"नको. तुम्ही ऐका. बास."

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. सोफे परत गेले होते. हॉल रिकामा, भिंतींवर खिळे तेवढे. बाहेर दुपारीच अंधारून आलं होतं आणि बारीक गारा काचांवर ताडताड वाजत होत्या. गिरीशकाकांनी पेटी खाली ठेवली. अंतराला साइटवर काम निघालं होतं. काकूंनी बूट दाराशी काढले, गादीच्या जागी उभ्या राहिल्या आणि दचकल्या.

फरशी गरम होती.

"तापायला तीन तास लागतात," नरेंद्र म्हणाला. "सकाळीच लावून ठेवली." आणि पहिल्या ओळीत, म्हणजे जिथे पहिली ओळ असती तिथे, मांडी घालून बसला. डावीकडची एक जागा सोडून.

काकूंनी नमन केलं. दोन माणसांपुढे आवाज आणखीच घुमत होता. पूर्वरंगाला त्यांनी दुसरा विषय घेतलाच नाही.

"वास्तुशांतीला या जागेवरून माझ्या तोंडून काही शब्द गेले," त्या म्हणाल्या. "हसवण्यासाठी गेले. मला माझ्या लेकीचं हसणं हवं होतं. त्यासाठी मी ज्याचं अन्न खाणार होते त्याच्या घरावर हसले. ज्या माउलीने लोकांचे गुडघे धरू नयेत म्हणून ही जमीन तापवली, तिच्या उबेला मी ताप म्हटलं. या घरात अहंकार राहतो म्हटलं. या घरात कीर्तन राहायला येणार होतं, मंडळी. मीच त्याला दारातून परत पाठवलं. नारदाच्या जागेवरून तो शब्द मी मागे घेते. तो शब्द नारदाचा नव्हता. माझा होता."

'मंडळी' हा शब्द सज्ज्याला वळसा घालून परत आला. गिरीशकाकांनी सूर धरून ठेवला होता. त्यांचे डोळे मिटलेले होते. नरेंद्र खाली बघत ऐकत होता, कीर्तनात ऐकावं तसं, मान हलवत.

मग गजर झाला, तिघांचा. उत्तररंगात काकूंनी सुलभाला आवडणारं सुदाम्याचं आख्यान लावलं. पुरतं लावलं, काही गाळलं नाही. आरती झाली. नरेंद्रकडे हार नव्हता. त्याने खिशातून बुक्क्याची डबी काढली, काकूंच्या कपाळाला बोट टेकवलं आणि वाकण्याआधी थांबला.

"फार छान झालं, बुवा."

तीन महिन्यांनी तो शब्द ऐकून काकूंनी विचारलं, "म्हणजे भाऊजी, मनातून काढलंत ना?"

"काय काढायचं?"

"ते मी बोलले ते. थट्टा होती हो ती. नुसती थट्टा."

"थट्टा?" नरेंद्र खरोखर गोंधळल्यासारखा दिसला. "गादीवर थट्टा कुठली, बुवा? सुलभा नेहमी म्हणायची, तिथून येतं ते वसुधाचं नसतं. ते आपल्यासाठी असतं, गपगुमान घ्यावं." त्याने वर सज्ज्याकडे पाहिलं. "मी त्या रात्री इथे बसून हाक मारून पाहिली. तिच्या नावाने. तुम्ही म्हणालात तसंच झालं, आपलाच आवाज परत आला. म्हटलं, खरं सांगितलं नारदाने. एवढं कुणासाठी धरून बसायचं? म्हणून तर विकायला काढलं."

"पण मी आत्ता मागे घेतलं ना! याच जागेवरून!"

"हो, ते ऐकलं की मी." तो समजूत काढल्यासारखा हसला. "तो तुमचा मोठेपणा. पण सह्या झाल्या, बुवा."

गिरीशकाकांनी पेटीचा भाता बंद केला. नरेंद्र हळूहळू, एक हात जमिनीला टेकत, वाकला आणि त्याने डोकं काकूंच्या पावलांशी ठेवलं. काकूंचे हात त्याला उचलायला पुढे झाले. अर्ध्यावर थांबले. अण्णांनी सांगितलं होतं, अडवायचं नाही. ते तुझ्या पाया पडत नाहीत.

उठून तो तळघराच्या दाराकडे गेला. "हीटिंग बंद करून येतो. सोमवारी लोक येतील, उगाच चालू राहील."

खाली कुठेतरी कळ दाबल्याचा आवाज आला. इतका वेळ जाणवतही नव्हती अशी एक घरघर थांबली.

"चल वसू," गिरीशकाका दाराशी उभे राहून म्हणाले. "रस्ता निसरडा होतोय."

"तुम्ही गाडी गरम करा. आलेच."

त्या तिथेच उभ्या राहिल्या, अनवाणी, कपाळाला बुक्का, उपरणं खांद्यावर. फरशी अजून उबदार होती. तापायला तीन तास लागतात म्हणजे निवायलाही वेळ लागत असेल. काकू पाय न हलवता उभ्या होत्या. आधी टाचांना गार लागायला लागलं, मग बोटांना.